बेचाळिसावी ओळ

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. मावशी भुताखेतांची टिंगल करणारी बाई. तिखटमीठ लावून सांगणं तिच्या स्वभावातच नाही. त्यामुळे यातला शब्द न् शब्द खरा आहे.

मंगळवार. भर दुपारचे तीन. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, माडीवरचं हजेरीचं ऑफिस. मावशी तिथली कारकून.

आठच दिवसांपूर्वी बॉयलर सांभाळणारे तात्या बॉयलरच्या खोलीत वाफेने भाजून वारले होते.

"त्या दिवशी ते कामावर नव्हतेच," साहेब म्हणाले. "चोरून आत शिरले. हजेरीतली त्यांची ओळ काढून टाका. उद्या तपासणी आहे."

"साहेब, माझ्या डोळ्यांदेखत आले होते ते."

"ताई, नोकरी करायचीय ना?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने ओळ काढली. त्याचा राग तिला आजही स्वतःवरच येतो.

उरले एक्केचाळीस जण. वॉचमन सगळं एक्सेलच्या एकाच रकान्यात कोंबायचा. नाव, खातं, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. ते वेगळं करायला मावशीने एआयला सांगितलं, "'बाहेर' या शब्दापुढची वेळ काढणारा फॉर्म्युला दे. तो शब्दच नसेल तर 'अजून आत' असं दाखव."

फॉर्म्युला आला. तिने तो खालपर्यंत ओढला. ५:०२. ५:०५. ५:०१...

आणि अगदी शेवटी...

अजून आत.

बेचाळिसावी ओळ.

शेजारी तात्यांचं नाव. आत ७:५५. पुढे काहीच नाही.

मावशीने ती पुसली. फॉर्म्युला पुन्हा ओढला.

अजून आत.

तिने यादी एआयला दिली. विचारलं, "फॉर्म्युला कुठे चुकतोय?"

"फॉर्म्युला बरोबर आहे. तुमच्या बेचाळीस ओळींपैकी एकीत बाहेर पडल्याची वेळ नाही."

तिने एक्केचाळीसच दिल्या होत्या. बोट लावून मोजून.

तेवढ्यात भिंतीतला वाफेचा पाइप वाजला... ठण्.

बॉयलर आठ दिवस बंद होता.

तिने पाइपला हात लावला... गरम.

तिने घाईघाईने यादी छापली. कागदावर मात्र एक्केचाळीसच ओळी!

"अहो तात्या, मलाच का छळताय?" ती ओरडली.

ठण्.

दुसऱ्या कुणाला छळणार? पुसलं तिनेच होतं.

मावशीने पेन उचललं. बेचाळिसावी ओळ स्वतःच्या हाताने लिहिली, खाली सही ठोकली आणि सकाळी कागद थेट तपासणी अधिकाऱ्याच्या हातात दिला. साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं.

तात्या कामावर असतानाच गेले, हे त्यांच्या बायकोला लेखी मिळालं. मावशीची नोकरी त्याच संध्याकाळी गेली.

"भीती नाही गं वाटत," मावशी म्हणते. "संताप येतो. मेलेला माणूस स्वतःची हजेरी लावायला आला, आणि आम्ही एक्केचाळीस जिवंत माणसं तोंड शिवून बसलो होतो!"

आता ती दुसरीकडे काम करते. परवा मी तिच्या शेजारी बसले होते. तिने फॉर्म्युला ओढला आणि यादी संपल्यावर खालच्या रकान्यावर बोट ठेवलं.

रिकामा होता.

तरी तिने ते बोट बराच वेळ उचललं नाही.