चौदा तारखेचं विमान

चौदा तारीख, सकाळचे नऊ चाळीस. मुंबईहून जपानला, नागोयाला जाणारं विमान मधल्या बँकॉकहूनही उडालं होतं, आणि त्यात असायला हवा होता तो कामगार, संघर्ष, चाकणच्या कंपनीत, निवेदिताच्या टेबलासमोर उभा होता.

कंपनीतल्या लोकांची तिकिटं निवेदिता काढायची. सकाळपासून ती स्क्रीनवर तेच विमान बघत होती. न भेटता गेला, हा राग काही केल्या गिळवत नव्हता.

"निरोप घ्यायला आलो, मॅडम." नवा शर्ट, ताजी कटिंग. "आज रात्री निघतो."

"आज? अहो, ते गेलं!"

"चौदाची रात्र ना? बारा चाळीस..."

"चौदा लागल्या लागल्या बारा चाळीस! काल घरातून निघायचं होतं."

संघर्ष प्रेसशॉपचा, पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या विभागाचा माणूस. तिथं रात्रीची तिसरी शिफ्ट ज्या तारखेला लागते, तीच तारीख सकाळी सातपर्यंत चालते. इतकी वर्षं तो रात्र अशीच मोजत आला होता.

तिला हसू फुटलं... आणि लगेच धस्स झालं. सोळाला ट्रेनिंग सुरू. तोवर पोचला नाही, तर जपानची दोन वर्षं दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

महिनाभर तो कागदांच्या निमित्तानं यायचा आणि दर वेळी एकच विचारायचा, "किती लांब हो?"

"साडेसहा हजार किलोमीटर."

"म्हणजे आठेक तास."

"सरळ विमान असतं तर. बँकॉकला थांबून चौदा."

"सगळा वेळ थांबण्यातच जातो म्हणा की," असं म्हणून तो तिच्याकडे बघायचा.

आज रात्रीच्या विमानात एक जागा दिसत होती. पलीकडे प्रेसचा ठोका पडला. कपातला चहा थरथरला.

"काढू?"

"तू सांग." पहिल्यांदाच — तू.

"मी तिकिटं काढते, माणसं पाठवत नाही. जायचंय ना?"

"जायचंय. आमच्या घरातलं कुणी विमानात बसलेलं नाही." तो घुटमळला. "पण खरं सांगू? निरोप घ्यायला नव्हतो आलो. विचारायला आलो होतो... दोन वर्षं थांबशील?"

निवेदितानं ती जागा घेतली, तिकीट छापलं आणि पंधरा तारखेखाली पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं — 'निघायचं आजच.'

"आणि माझं उत्तर?"

"गाडी चार वाजता. या वेळी तुझ्या भरवशावर सोडत नाही. विमानतळापर्यंत मी येतेय."

"म्हणजे हो?"

"मुंबईला पोचायला तीन-चार तास लागतात," ती म्हणाली. कान मात्र लाल झाले होते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडीनं उर्सेचा टोलनाका ओलांडला. मागच्या सीटवर दोघं होती, मध्ये त्याची बॅग. उत्तर अजून मिळालेलं नव्हतं.