आई म्हणाली, दोन

सोमवारी सकाळी आठ वाजता दवाखान्याचा फोन सुरू व्हायचा आणि आठ वाजून एक मिनिटाने लागेनासा व्हायचा. म्हणून टकळी सात एकोणसाठपासूनच मोबाइल कानाला लावून बसली होती. तरीही यंत्रातल्या बाईने गोड गळ्याने सांगितलंच, "तुमच्या पुढे सव्वीस जण आहेत."

"सव्वीस! हे लोक काय रांगेतच झोपतात?"

"राहू दे गं," आई ओट्यापासून म्हणाली. "शाळेला उशीर होईल. मला काय धाड भरलीय!"

बोलता बोलता आईचा हात उजव्या बरगडीखाली गेला आणि तिथेच राहिला. हल्ली तो सारखा तिथेच जायचा. आई अर्धी पोळी खाऊन ताट बाजूला सारायची. न्हाणीघरातला निळा टॉवेल रोज सकाळी एका कोपऱ्यात ओला आणि चुरगळलेला असायचा. तो कशाने, हे टकळीने कधी विचारलं नव्हतं.

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं. घरात ती टकळी. सूत संपलं तरी टकळी गरगरत राहते तसं हिचं तोंड, असं बाबा म्हणायचे. बाबांच्या नोकरीपायी तिघं या परक्या देशात आले त्याला आठ महिने झाले होते. पहिले दोन महिने टकळीची बोलतीच बंद होती. वर्गात कुणी काही विचारलं की नुसतं हसायचं. मग एके दिवशी बसमध्ये एका आजीबाईंनी पत्ता विचारला आणि टकळीने तो तिथल्या भाषेत सांगून टाकला, वर कुठल्या थांब्यावर उतरायचं तेही. त्या दिवशी धरण फुटलं. घरमालकाशी भांडायला टकळी, वीज कंपनीचा फोन आला की टकळी, बँकेचा फॉर्म भरायला टकळी. "आमची वकील," बाबा म्हणायचे आणि पंधरा वर्षांच्या वकीलबाईंची मान ताठ व्हायची.

दवाखान्यापुढे मात्र या वकिलीचं काही चालत नव्हतं.

मायदेशी डॉक्टर कोपऱ्यावरच होता. दार ढकलायचं आणि बाकावर बसायचं. तो जीभ बघायचा, पोट दाबायचा आणि "वहिनी, खरं बोला" म्हणून दरडावायचा. आईचं 'थोडंसं' म्हणजे किती, हे त्याला वीस वर्षांच्या सरावाने ठाऊक होतं. इथे पाच आठवडे थांबल्यावर नऊ मिनिटं मिळाली होती. भिंतीवर पाटी होती: एका भेटीत एकच तक्रार. डॉक्टरने विचारलं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?

"दोन सांग," आई म्हणाली.

"नक्की?"

"अगं, दहा म्हणजे मरायला टेकलेल्या माणसाचं. आपण चालत आलो की."

टकळीने इमानदारीने 'दोन' सांगितलं. डॉक्टरने 'दोन' टाइप केलं. गोळ्या घ्या, भरपूर पाणी प्या, सहा आठवड्यांनी या.

ते सहा आठवडे अजून संपायचे होते, पण आता टकळी ऐकणार नव्हती. सव्विसाचे चोवीस झाले, चोविसाचे अकरा. नऊ वाजता तिला कुणीतरी रद्द केलेली मंगळवारची वेळ मिळाली. मग ती सहा पानांचा फॉर्म भरायला बसली. तिसऱ्या पानावर अक्षरं मध्येच दुहेरी झाली आणि डाव्या डोळ्यामागे सुई टोचावी तसं झालं. हे हल्ली रोजचंच होतं. वर्गातही ती आपणहून पहिल्या बाकावर जाऊन बसली होती.

"काय गं, डोळा का दाबतेस?" आईने विचारलं.

"काही नाही."

"खाण तशी माती," बाबा बूट चढवत म्हणाले. "दोघींना कधी काही होतच नाही."

मंगळवारी नवीन डॉक्टर होती. मध्यम वयाची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण चेहरा मायाळू. टकळीने तोंड उघडताच तिने हात वर केला.

"तू छान बोलतेस. पण अठरा वर्षांखालच्या मुलांनी दुभाष्याचं काम करायचं नाही, असा नियम आहे. आईच्या दुखण्याचं ओझं मुलांवर नको."

"पण मला येतं सगळं!"

"तेच तर," डॉक्टर म्हणाली आणि तिने टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकून नंबर फिरवला. संगीत वाजू लागलं. तेच ते आठ सूर, पुन्हा पुन्हा. टकळी हाताची घडी घालून फुगून बसली. आपली भाषा बोलणारं माणूस यांना मिळणार कुठून? या अख्ख्या शहरात तिला अजून एकही भेटलं नव्हतं.

संगीत थांबलं.

"नमस्कार ताई," एका बाईचा आवाज म्हणाला. "निवांत बोला. मी आहे."

आईचा चेहरा असा उजळला की टकळीला आपल्या रुसव्याची लाज वाटली. आवाज धड तरुण नव्हता, धड म्हातारा नव्हता. कुठल्या भागाचा, हेही कळेना. त्याच्यामागे मोठी खोली असावी. पुष्कळ माणसं न बोलता बसली असली की खोलीत जशी शांतता असते, तशी ती शांतता होती.

डॉक्टरने विचारलं, दुखणं कधीपासून? आवाजाने आईला विचारलं. आई म्हणाली, "झाले असतील दोन महिने." आवाजाने तिथल्या भाषेत सांगितलं, दोन महिने. टकळी एकेक शब्द तपासत होती. चूक सापडावी अशी तिची फार इच्छा होती.

"कधी जास्त दुखतं?"

"जेवल्यावर. थोडंसंच."

आवाज क्षणभर थांबला. मग तिथल्या भाषेत म्हणाला, "जेवल्यावर. पहाटे सगळ्यात जास्त. तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन टॉवेलाचा कोपरा दातांत धरते, मुलीला जाग येऊ नये म्हणून."

डॉक्टर पेनाचं बटण टिकटिकवून लिहीत होती. तिला यात वावगं काय वाटणार? आईला तर शब्दही कळला नव्हता. ती फोनकडे कौतुकाने बघत होती.

टकळीला निळा टॉवेल दिसत होता.

"शून्य ते दहामध्ये किती?" डॉक्टरने विचारलं.

"शून्य ते दहामध्ये किती, ताई?" आवाजाने विचारलं.

"दोन," आई म्हणाली.

"नऊ," आवाजाने डॉक्टरला सांगितलं.

टकळी ताडकन उठली. चूक! धडधडीत चूक! गेल्या वेळी तिने स्वतः इमानदारीने 'दोन' सांगितलं होतं. डॉक्टरचं पेन थांबलं.

"काय झालं? बरोबर नाही का सांगितलं?"

फोन गप्प होता, पण तो ऐकत होता, हे टकळीला स्पष्ट जाणवलं. आई तिच्याकडे बघत होती. हात बरगडीखाली.

"बरोबर आहे," टकळी म्हणाली. "नऊच."

त्यानंतर सगळं भराभर झालं. डॉक्टरने पोट दाबलं. आईने ओठ घट्ट मिटले, पण कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. अर्ध्या तासात रुग्णवाहिका आली आणि संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. खड्यांनी भरलेलं पित्ताशय फुटायच्या बेतात होतं. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर बाबांना म्हणाला, "उद्यावर गेलं असतं तर अवघड होतं." ते टकळीने बाबांना भाषांतर करून सांगितलं. नियम आठवून तिथे कुणी अडवलं नाही. बाबांनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी आई उशीला टेकून बसली आणि अख्खा वाडगा पेज प्यायली.

"त्या फोनवरच्या बाई भल्या होत्या गं. नाव विचारायचं राहिलं."

"आई, टॉवेलाचं तू त्यांना कधी सांगितलंस?"

आईचा चमचा थांबला. "कसलं टॉवेलाचं?" मग हळू आवाजात, "तुला कसं कळलं?"



पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर ती दवाखान्यात गेली. हातात तिने स्वतः रंगवलेलं आभाराचं कार्ड होतं. काउंटरवरच्या बाईने कार्डाचं तोंड भरून कौतुक केलं आणि कुणाला पाठवायचं ते संगणकात शोधू लागली. शोधता शोधता तिच्या कपाळावर आठी पडली.

"तुमच्या भाषेचा दुभाषी आमच्याकडे नाहीच आहे, बाळ."

"पण मंगळवारी..."

"मंगळवारी फोन केल्याची नोंद आहे. अकरा मिनिटं. पुढे लिहिलंय, कुणी उचलला नाही."

तेवढ्यात ती डॉक्टर कोट चढवत बाहेर आली. टकळीला पाहून थांबली, आईची चौकशी केली, कार्ड पाहून हसली.

"त्या आजोबांना नक्की आवडेल हे. फार उत्तम बोलतात. अगदी माझ्या लहानपणच्या शेजारच्या आजोबांसारखा आवाज."

"आजोबा?"

"हो. का गं?"

टकळी कार्ड दप्तरात ठेवून घरी आली. फोनची लाइन जुनी असेल, नोंद चुकली असेल, डॉक्टर दिवसाला तीस फोन करत असेल, असं तिने बसमध्ये स्वतःला नीट समजावलं. समजावताना डाव्या डोळ्यामागे ठणकत होतं.

घरी आई झोपली होती. चारचं ऊन खिडकीतून थेट फरशीवर पडलं होतं. टकळीने गृहपाठाची वही उघडली आणि मोबाइल वाजला. पडद्यावर नंबर नव्हता.

आधी ते आठ सूर. मग शांतता. पुष्कळ माणसं न बोलता बसल्याची.

"टकळी ना?"

हे नाव या देशात तीनच माणसांना माहीत होतं.

"हो," ती म्हणाली.

"आई बऱ्या आहेत?"

"बरी आहे. तुमचे... तुमचे खूप आभार."

"असू दे." आवाज तितकाच मायाळू होता. "आणि तुझं, बाळ? तुझं काय दुखतंय?"

उन्हात धूळ तरंगत होती. आतल्या खोलीत आईचा श्वास संथ चालला होता. तिला उठवायचं नव्हतं. घराने आत्ताच तर कुठे सुटकेचा श्वास सोडला होता.

"काही नाही हो," टकळी म्हणाली.

"शून्य ते दहामध्ये?"

"एक."

आवाज क्षणभर थांबला. मग फोनपासून जरा लांब होऊन, तिथल्या भाषेत, कुणाला तरी म्हणाला, "नऊ."

आणि पलीकडे कुणीतरी पेनाचं बटण दाबलं.