आमच्या बांधीतून जाणारी रेघ

आमच्या धानाच्या बांधीत लाल झेंड्या रोवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा माझ्या हातात विळा होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तो गावभर सांगत फिरला की डिंपलनं त्याला विळा दाखवून धमकावलं. दाखवला नव्हता. हातात होता, एवढंच.

"ओ भाऊ! कायले रोवून राहिले ते? कोनाची बांधी आहे, मालूम आहे का?"

तो वळला. पाठीवर पिशवी, गळ्यात मोबाईल, गुडघ्यापर्यंत चिखल... आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू मीच त्याच्या शेतात घुसले होते!

"धानाले धक्का नाही लावला, मॅडम. बांधावरूनच चालून राहिलो."

"बांधावरून? मंग चिखल काय आभाळातून पडला?"

"ते... घसरलो," तो म्हणाला. "तुमचा आवाज ऐकून."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. अनोळखी माणसाला पहिल्याच भेटीत हसून दाखवायचं नसतं, डोक्यावर बसतो.

त्याचं नाव उमेंद्र. राहणारा कामठ्याचा, गोंदियाच्या एका संस्थेत कामाला. सडक अर्जुनीचा नकाशा करायला आला होता. रस्ते आणि ढाब्यांचा नव्हे, ते तर हायवेवरच्या प्रत्येक ट्रकवाल्याला पाठ आहेत. हा नकाशा तलावांचा, नाल्यांचा, झाडांचा, गुरांच्या चराईचा, पाखरांच्या जागांचा. गावापाशी काय काय आहे ते आधी कागदावर येणार, मग ते जपायचं कसं याचा आराखडा ठरणार. आणि त्यात पहिला नंबर आमच्या जुन्या तलावाचा होता. गाळ काढून तो पुन्हा काठोकाठ भरायचा होता.

तलावाचं नाव निघालं आणि मी विळा कमरेला खोचला. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांचं कूळ. या तलावाची पाळ आमच्याच पूर्वजांनी घातली, हे माझे बाबा, म्हणजे दुधराम पाटील, दारात आलेल्या प्रत्येकाला सांगतात. पाहुण्याचा चहा थंड होतो, पण गोष्ट संपत नाही.

"तलाव मीच दाखवीन तुमाले," मी म्हटलं. घरचा ट्रॅक्टर मी चालवते, कोणतं धान लावायचं ते मी ठरवते. कामठ्याच्या एका पोट्ट्याला तलाव फिरवून आणणं माझ्यासाठी काय मोठं होतं!

मोठं होतं, हे हळूहळू कळलं. आम्ही रोज सकाळी पाळीवरून निघायचो. तो मोबाईलमध्ये खुणा करायचा, मी नावं सांगायची. या मोहाच्या झाडाखाली मधमाशा, त्या खळग्यात पाणकोंबड्या, इथून गुरं पाण्यावर उतरतात. तो लिहिता लिहिता थांबायचा. मी वळून पाहिलं की झटकन झाडाकडे बघायचा.

एकदा परतीच्या पावसानं गाठलं. त्यानं मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरला आणि स्वतः नखशिखांत भिजला.

"सोतः भिजून राहिला आन् मोबाईल जपून राहिला?"

"मोबाईल भिजला तर अख्खा तलाव जाईल. मी भिजलो तर का जाते?"

"माह्या जिवाले घोर लागते," मी बोलून गेले. पानांवरून टपटप पाणी गळत होतं, आणि मी उगाच ओढणी पिळत बसले.

तो पोवार, आम्ही कोहळी. घरी कळलं तर आई भांडी आपटणार, हे मला ठाऊक होतं. आपटू दे म्हटलं. भांडी स्टीलची आहेत.

आणि मग एके सकाळी तो आमच्या बांधीच्या मधोमध येऊन थांबला. धानात लांब तांबूस कुसाळांचं एक गवत उभं होतं.

"हे देवधान. तुमी पेरलं का?"

"देवधान कोनी पेरते का? आपोआप उगवते. आई धान निंदताना त्याले शिव्या देते, आन् उपासाले तेच शिजवते."

तो हसला नाही. "हे तलावाच्या काठानं येते. एकट्या त्याच्यावरून नाही म्हनत मी. उतार पाह्य. ती अर्जुनाच्या झाडांची रांग पाह्य, ती जुन्या काठावरची आहे. नाल्याचं तोंडही इथंच उघडते. डिंपल... तुमची बांधी तलावाच्या पोटात आहे."

'मॅडम' सोडून त्यानं पहिल्यांदा माझं नाव घेतलं, तेही असल्या वाक्यात!

वाद घालायला मी तोंड उघडलं. पण तो म्हणाला ते सगळं मला दिसत होतं. गाळ साचला असेल, पाणी मागे हटलं असेल, आणि आमचा नांगर एकेक पाऊल पुढे सरकला असेल. तलाव बांधणाऱ्यांच्याच घरानं तलाव खाल्ला होता.

"ही बांधी गेली तर बाबा मले घरात घेनार नाही," मी हसत म्हटलं. पण हसू टिकलं नाही, मी बांधावर जाऊन बसले. तोही माझ्याजवळ येऊन बसला. वाटलं, आता हात धरेल. नाही धरला. मग मीच धरला.

दसरा झाल्यावर समाजमंदिरात सभा भरली. नकाशा सगळ्यांसमोर मांडायचा, मंजूर करायचा आणि त्यातल्या रेषेप्रमाणेच तलाव खोदायचा, असं ठरलं होतं. धुरपताबाई अध्यक्ष होत्या. बाबा पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते. उमेंद्रनं भिंतीवर नकाशा लावला, आणि मी पाहिलं... तलावाची निळी रेघ आमच्या बांधीजवळ येऊन वळसा घालून गेली होती. बांधी बाहेर. सुरक्षित.

खोटं कशाला बोलू, आधी आनंद झाला. बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आईचा आला. मग माझी नजर नाल्यावर गेली. नाल्याचं तोंडही रेषेच्या बाहेरच राहिलं होतं. असा तलाव खोदला तर त्यात पाणी येणार कुठून? खालच्या शिवारातली माणसं दुसऱ्या पिकाची आस लावून समोर बसली होती, आणि उमेंद्र माझ्याकडे बघत नव्हता.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी उठले.

"नकाशा चूक आहे."

टेबलावरचा पेन घेतला आणि खरी रेघ ओढली. अर्जुनाच्या रांगेपासून, नाल्याच्या तोंडावरून, सरळ आमच्या बांधीतून.

"डिंपल!" बाबा ओरडले. "आपली बांधी आहे ते!"

"तलावाची आहे, बाबा. आपन वापरून राहिलो."

बाबा उठून नकाशापाशी आले. ओळखीच्या वाटेवरून फिरवावं तसं त्यांनी त्या रेषेवरून बोट फिरवलं, आणि मला कळलं, त्यांना हे आधीपासून माहीत होतं.

"उभं धान कापून घेतो," ते हळूच म्हणाले. "मंग खोदा." मग उमेंद्रकडे वळले. "पन तू सांग गा. तुले तर सारं मालूम होतं. रेघ काऊन वाकडी केली?"

उमेंद्र उभा राहिला. तांत्रिक अडचण आली, मोबाईल बिघडला, काहीही सांगता आलं असतं.

"डिंपलसाठी," तो म्हणाला. "मले ती आवडते. तिची बांधी जाऊ नये वाटलं. तिले यातलं काही ठाऊक नव्हतं. चूक माझी एकट्याची."

"हे ठरावात लिहू का बाई?" सभेचं टिपण लिहिणाऱ्या बाबूनं धुरपताबाईंना विचारलं, आणि समाजमंदिर हशानं भरून गेलं.

बाबा मात्र हसले नाहीत. "जो तलाव लहान करते, त्याले कोन पोरगी देईल?" असं म्हणून ते बाहेर निघून गेले. नकाशा माझ्या रेषेसकट मंजूर झाला.

मी बाहेर आले. उमेंद्र मागोमाग धावत आला.

"रागावली का?"

"लय. मी तुले खोटी रेघ मागतली होती का?"

"नाही. तुझं तोंड उतरलेलं पायवलं नाही मले..."

"उतरू द्यायचं ना मंग! मी रडली असती, दुसऱ्या दिवशी उठून ट्रॅक्टर काढला असता. मी का काचेची आहो?"

"नाही," तो खाली मान घालून म्हणाला.

"उद्या सकाळी ये. बाबाच्या समोर सारी रेघ पुन्हा चालायची. ते बोलतील, तू ऐकून घे. आन् अजून एक." मी ओढणी खांद्यावर नीट केली. "मी रागात आहो. आन् लग्न तुह्यासंगच करनार आहो. दोनी गोष्टी आताच ऐकून ठेव."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मला तो इतका आवडला की राग धरून ठेवणं जड जायला लागलं.

रस्त्यावर बाबांची मोटरसायकल फटफटत उभी होती. "डिंपल! चाल व, उशीर होऊन राहिला!"

"थांबा ना, बाबा," मी वळून ओरडले. "बोलून राहिली मी त्याच्यासंग!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. भांडायची मी पुरती तयारी केली होती.

बाबांनी गाडी बंद केली.