घाटातली नेत्रतपासणी

“पोरी, गाडीत पुढं बसलीस की डोळा लागू द्यायचा नाही. चालवणाऱ्याला आपलीही नजर उसनी द्यायची.”

वडिलांचं हे बोलणं तिनं ऐकलं, तेव्हा सीटवर बसल्यावर तिचे पाय खालीही टेकत नव्हते. आज इतक्या वर्षांनी धुक्यानं अख्खा डोंगर गिळला, आणि तोच आवाज कानाशी आला.

नेत्रतपासणीची गाडी घाट उतरत होती. खाली समुद्रकाठच्या गावात दहा वाजता शिबिर. ती डोळे तपासणारी, तो चालक – तिच्या तोंडी ‘पायलटसाहेब’. दीड वर्षापूर्वी पहिल्याच दिवशी ती चुकून त्याच्या दारानं गाडीत चढली, थेट त्याच्या जेवणाच्या डब्यावर बसली... आणि त्याच्या हसण्यात तिचा जीव अडकला तो अडकलाच.

“आज गप्प का, मॅडम? भीती वाटतेय?”

“तुमच्या बडबडीची.”

“मग गाणं म्हणू?”

“नको बाई! दरीत उडी घ्यावी लागेल मला.”

तो हसला. पण मान पार स्टिअरिंगवर झुकलेली, आणि एवढ्या गारठ्यात कपाळावर घाम. ती पुढं सरकून रस्ता न्याहाळू लागली.

धुक्यातून एक पिवळी पाटी पुढं आली. मोठाली अक्षरं, डावीकडे बाण. गाडी मात्र सरळच निघाली.

“अहो, पाटी! डावीकडे... ब्रेक मारा!”

चाकं किंचाळली. धुकं जरासं हललं. समोर रस्ता नव्हताच. तुटका कठडा, आणि खालून – फार खालून – लाटांचा आवाज.

त्यानं गाडी इंच इंच मागं घेतली, पाटीजवळ उभी केली. तिनं हात घालून किल्ली काढून घेतली.

“काय लिहिलं होतं पाटीवर?”

“धुकं होतं, मॅडम...”

“मला दिसलं. चला मागं. अक्षरांचा तक्ता वाचा.”

“आत्ता?”

“आत्ता!”

तो मागच्या तपासणीच्या खुर्चीत बसला, एक डोळा झाकला आणि घडाघडा वाचत सुटला. दर सहा महिन्यांनी वाचायचा तसाच, कुठंही न अडखळता, शेवटच्या ओळीपर्यंत.

तो म्हणत होता तो तक्ता फाटला म्हणून तिनं कालच काढून टाकला होता.

“पायलटसाहेब... भिंतीवर नवा तक्ता आहे.”

डोळ्यावरचा हात त्यानं काढलाच नाही.

राग होताच, पण बोटं सवयीनं चालू लागली. तपासणीची जड चौकट त्याच्या नाकावर, त्यात एक भिंग, मग दुसरं. भिंगानं फरक पडलाच नाही तर? तिसरं बसवलं, दार उघडलं आणि पाटीकडे बोट केलं.

“रस्ता... खचला... आहे,” तो पहिलीतल्या पोरासारखा वाचत गेला. “डावीकडून... जा.”

तिनं भिंगांची पेटी धाडकन मिटली. “नुसता नंबर आहे हो! साधा चष्मा! एवढ्यासाठी आज दोघंही गेलो असतो...” आणि तिला रडूच फुटलं. “का लपवलंत?”

“माझ्या आबांची नजर अशीच पुसट होत होत गेली. वाटलं, माझीही चालली.”

“मग मला सांगायचं ना! रोज शेजारी बसते मी!”

“तुम्हालाच तर सांगवेना.” त्या बोजड चौकटीतून तो तिच्याकडे बघत राहिला. “मला तुम्हाला मागणी घालायची होती... आंधळा व्हायला निघालेल्यानं कुठल्या तोंडानं घालायची?”