पाडव्याचं धुणं

अभिजीत, तो मोबाईल पालथा घाल बघू. भुताची गोष्ट पाहिजे म्हणता आणि तोंडं निळी करून बसता. राजसी, तू इकडे सर, तिकडे डास आहेत. आणि मधेच "असं कसं होईल आबा" करायचं नाही. कसं झालं ते मलाही माहीत नाही. झालं एवढं माहीत आहे, कारण ज्याच्यासमोर झालं तो तुमचा जितेशकाका. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. थापा मारायला त्याला फुरसत कुठे आहे? दिवसभर जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांत मशिनांच्या मोटरी खोलत बसलेला असतो.

तर मागच्या वर्षी एका कंत्राटदारानं त्याला पाटाच्या दाराचं काम दिलं. बदलापूरहून बारवीकडे जाताना आत वळलं की एक लहान पाट लागतो. त्या पाण्यावर उन्हाळी भात होतं. पूर्वी तिथे हरिचंद्र नावाचा पाटकरी होता. तो हातानं चाक फिरवून दार उघडायचा. पण त्याआधी आंब्याला टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा वाजवायचा. टण, टण, टण. तो आवाज आला की पाटात धुणाऱ्या बाया कपडे गोळा करून वर यायच्या, पोरं म्हशी बाहेर काढायची, आणि मगच पाणी सुटायचं. पुढे हरिचंद्र रिटायर झाला आणि मोटरीवर आपोआप चालणारं दार आलं. रूळ तसाच लटकत राहिला.

आता आपोआप म्हणजे काय, ते ऐका. पाटाशेजारी पिंपाएवढी सिमेंटची विहीर आहे, खालून नळीनं पाटाला जोडलेली. पाटात जेवढं पाणी, तेवढंच तिच्यात. तिच्यात फुगा, आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतो ना, तसाच, फक्त मोठा. पाणी उतरलं की फुगा उतरतो आणि दार उघडतं. पाणी चढलं की फुगा चढतो आणि दार मिटतं. माणूस लागत नाही.

तक्रार अशी होती की दोनतीन दिवस पहाटेच्या अंधारात दार मिटत होतं आणि पाट कोरडा पडत होता. भात पोटरीत आलेलं, लोंबी फुटायच्या बेतात. त्या वेळी पाणी तुटलं तर नुसतं पोचट पीक हाती येतं, सगळ्या गावाची मेहनत वाया. जितेश दिवसा जाऊन बघून आला, तर दिवसा सगळं व्यवस्थित. म्हणून रात्री जायचं ठरवलं. शुक्रवार होता तो. रविवारी पाडवा, म्हणजे अमावास्येची आदली रात्र. मी म्हटलंसुद्धा, अरे पाडवा होऊ दे, मग जा. ऐकेल तर शप्पथ.

गाडी रस्त्यावर लावून तो बॅटरी घेऊन पाटावर गेला, तर आंब्याखाली एक म्हातारा घोंगडी पांघरून बसलेला. जनू त्याचं नाव. पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला त्याचं शेत. त्यानं किटलीतला कोरा चहा दिला. म्हणाला, "तू मोटरवाला ना? मोटर बरी हाय. नको खोलू."

"मग दार कशानं मिटतंय, काका?"

जनूनं किटली बाजूला ठेवली. मग आपणहून बोलायला लागला. असं अनोळखी माणसापाशीच बोलता येतं कधी कधी.

त्याआधीच्या वर्षीची गोष्ट. वरची माणसं पंप लावून पाणी ओढायची, जनूच्या शेतापर्यंत थेंब पोचत नव्हता. भात डोळ्यांदेखत पिवळं पडायला लागलं. तेव्हा यानं एक उद्योग केला. पहाटेच्या अंधारात येऊन विहिरीचं झाकण उघडलं आणि फुग्याला दगड बांधला. फुगा तळाला बसला. दाराला वाटलं पाणीच नाही, ते हळूहळू पुरतं उघडत गेलं. आणि हा खुशीत आपल्या शेतावर जाऊन पाण्याची वाट बघत बसला.

याची बायको भागीरथी. तिला यानं काही सांगितलं नव्हतं. चोरीचं काम, कशाला सांगा. पाडवा तोंडावर आलेला, घरभरचं धुणं घेऊन ती पहाटेच पाटात उतरली. पाणी घोट्याएवढं. ती धुण्याच्या दगडापाशी बसली, पाठ दाराकडे.

"पाणी आलं," जनू म्हणाला. "बांध फोडून मी ते शेतात घेतलं. लई बरं वाटलं रं. हात जोडले मी पाण्याला... आनि पाण्यासंगती धुणं आलं."

आधी टॉवेल आला. मग चादर. मग तिचं पातळ. एकेक कपडा भातात येऊन अडकत गेला, आणि हा एकेक उचलत गेला. भागीरथी दुपारी रस्त्याखालच्या मोरीत सापडली. धुणं सगळं मिळालं. याचा एक शर्ट तेवढा नाही मिळाला. पांढरा, लग्नकार्याला घालायचा. वरचं बटण तुटलं तर तिनं काळ्या दोऱ्यानं लावून दिलं होतं आणि हा त्यावरून तिला चिडवायचा.

"हरिचंद्र असता तर रूळ वाजवला असता," जनू म्हणाला. "त्या दिवशी दार मी उघडलं. म्हंजे रूळ बी मीच वाजवायचा होता. माझ्या ध्यानातच नाय आलं."

एवढ्यात मोटर घरघरली. दार मिटायला लागलं.

तो विहिरीकडे धावला. झाकण उघडून बॅटरी मारली. पाणी रोजच्याएवढंच होतं. आणि फुगा... वर. पाण्याच्या हातभर वर. खाली काही नाही. खालून कुणी तळहातावर तोलून धरावा, तसा. थोडा हलत होता. धरणाऱ्याचा हात भरून यावा, तसा.

त्यानं फुगा खाली दाबला. दबेना.

दार मिटलं. पाट उतरत गेला. बेडूक गप्प झाले.

मग आवाज आला. धप.

धप... धप...

ओला कपडा दगडावर आपटल्याचा.

जितेशनं बॅटरी तिकडे वळवली. दगड दिसला. दगडावर कोणी नव्हतं. आवाज मात्र येत होता... धप... मग थांबला. पिळल्यावर पाणी गळतं, तसं काहीतरी गळलं. मग पुन्हा... धप.

"आली," जनू म्हणाला.

"काका..."

"दार मिटून घेते आधी. माझा काय भरवसा?"

जितेश त्याच्याजवळ जाऊन बसला. म्हणाला, "काका, रूळ वाजवा."

जनूनं घोंगडी आणखी घट्ट ओढून घेतली.

"सगळ्यांचं भात जाईल, काका."

"वाजवला तर ती उठंल," जनू म्हणाला. "उठली का जाईल."

तेव्हा कुठे जितेशला कळलं, की हा म्हातारा या दोनतीन रात्री इथे का येऊन बसतोय. रूळ डोक्यावर लटकतोय आणि हा हात लावत नाही. भात वाळतंय, त्याचं स्वतःचंही वाळतंय. वर्षभरानं बायकोची चाहूल लागली होती, ती त्याला मोडवत नव्हती.

धप... धप...

जितेशच्या तोंडून निघून गेलं, "काका, तेव्हा राहिलं ते आता करा."

जनूनं घोंगडी बाजूला टाकली. मग उठला. दगड उचलला.

टण.

आवाज थांबला.

टण... टण...

काहीच नाही. मग पाटाच्या काठावरून ओली पावलं वर आल्यासारखा आवाज. सावकाश. आंब्यापर्यंत आला. दोघांच्या अगदी जवळ... आणि थांबला. जनू मान खाली घालून रडत होता. वर बघितलं नाही त्यानं. जितेशनंही नाही.

विहिरीत फुगा पाण्यावर पडला, चुबुक. मोटर सुरू झाली. दार उघडलं.

उजाडलं तेव्हा पाट काठोकाठ वाहत होता, आणि डोक्यावरच्या फांदीवर, रुळाच्या शेजारी, एक पांढरा शर्ट टाकलेला होता. नुकताच धुऊन पिळलेला. वरचं बटण काळ्या दोऱ्याचं. जनूनं तो छातीशी धरला तर त्याची बंडी भिजली.

त्यानंतर दार कधी मिटलं नाही. पाणी सुटायच्या वेळी जनू मात्र रोज जाऊन रूळ वाजवतो.

मी अक्षय्यतृतीयेला तिकडे गेलो होतो, जितेशला घेऊन. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, म्हटलं बघून यावं. भाताची झोडणी चालली होती, पीक चांगलं आलं होतं. अंगणात दोरीवर तो शर्ट होता. जनू म्हणाला, पाडव्यापासून तिथंच आहे, काढला नाही. भर दुपार, वैशाखातलं ऊन, शेजारचे पापड कडकडीत वाळलेले.

मी कॉलरला हात लावून बघितला. ओली होती. आणि साबणाचा वास येत होता.