ठोंब्या रुंजीला विसरला तेव्हा

"नमस्कार. आपलं नाव सांगता का?" ठोंब्याने रुंजीला विचारलं, आणि वेदांगी दचकली.

ज्याने रुंजीला रांगताना पाहिलं, त्यालाच तिचं नाव विचारायची पाळी का यावी?

ठोंब्या हा त्यांच्या घरचा यंत्रमानव. वेदांगीच्या आजोबांनी, म्हणजे नानांनी, प्रयोगशाळेतल्या टाकाऊ भागांतून त्याला जोडलं होतं. येता-जाता दाराला धडकायचा, म्हणून हे नाव. वेंगुर्ल्यासमोर समुद्रावर तरंगणाऱ्या त्यांच्या वसाहतीत त्याच्याहून चलाख यंत्रमानव पैशाला पासरी होते. पण वेदांगीची धाकटी बहीण रुंजी बोलत नसे, तिने स्वतःच्या खुणा स्वतःच घडवल्या होत्या, आणि त्या सगळ्या समजणारा एकटा ठोंब्याच होता. आईसुद्धा अडली की त्यालाच विचारायची.

सोमवारी रुंजीची शाळा सुरू होणार होती. शाळेत मात्र नव्या ऑपरेटिंग सिस्टिमचेच (यंत्राला चालवणारी मूळ प्रणाली) यंत्रमानव चालत. "जुनीच्या शेजारी नवी बसवू. मी येईपर्यंत हात लावू नकोस," असं नाना बजावून गेले होते. पण दम धरेल ती वेदांगी कसली! नाना यायच्या आधीच तिने नवी प्रणाली बसवून टाकली.

आता रुंजीने दोन्ही मुठी छातीशी धरल्या. म्हणजे, मला भीती वाटतेय.

"हालचाल समजली नाही," ठोंब्या म्हणाला.

रुंजीने तीच खूण पुन्हा केली, सावकाश, कमी ऐकू येणाऱ्याशी बोलावं तशी. पुन्हा तेच उत्तर आलं. मग तिने हात फ्रॉकच्या खिशात घातले. जेवायला बोलावलं तरी ते बाहेर आले नाहीत. वेदांगीला वाटलं, आपण बहिणीचं तोंडच बंद करून टाकलं.

नाना आले, त्यांनी ऐकलं आणि चप्पल काढायच्या आधीच ओरडले, "आधी बंद कर त्याला! चालू राहिला तर जुन्यावर आणखी लिहीत बसेल."

"नाना, मी रिकाम्या जागेतच नवी प्रणाली टाकली हो," वेदांगी हुंदके देत म्हणाली. "तिथे 'नाव नाही' असंच लिहिलं होतं."

वसाहतीत जागेची टंचाई. सामायिक गोदामात नियमच होता, की ज्या खणावर नावाची पट्टी नाही तो रिकामा, हवा त्याने घ्यावा. त्याच सवयीने वेदांगीने ठोंब्यातली ती जागा पुसली होती.

नानांनी कपाळाला हात लावला. "अगं, हार्ड डिस्कवर (माहिती साठवायची तबकडी) असेच खण आखलेले असतात. एकेका खणाला पार्टिशन म्हणायचं. कुठला खण कुठून कुठपर्यंत, याचा तक्ता डिस्कच्या सुरुवातीला असतो. जुन्या प्रणालीची मांडणी नवीला वाचता येत नाही, म्हणून तिने 'नाव नाही' म्हटलं. तिला ओळखता आलं नाही, एवढंच. रिकामा नव्हता तो."

"म्हणजे सगळं गेलं?"

"तू पुसलीस ती तक्त्यातली त्या खणाची नोंद. आतलं सामान लगेच जात नाही. पण नोंद नाही म्हटल्यावर नव्या प्रणालीने आपलं सामान त्याच खणात टाकायला घेतलं. जिथे ते पडलं, तिथलं जुनं कायमचं गेलं."

"तिथे काय होतं?"

"ते आता कळेल," नाना म्हणाले. त्यांनी खोटा धीर दिला नाही, आणि त्यामुळे वेदांगीला जास्तच रडू आलं.

नानांनी डिस्क काढून तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि मूळ डिस्क बाजूला ठेवून दिली. मग नकलेवर जुन्या खणाच्या कडा शोधायला सुरुवात केली. काम संपता संपत नव्हतं. वेदांगी शेजारी बसून होती. दाराशी रुंजी उभी होती, हात खिशातच.

अखेर कडा सापडल्या. नानांनी तक्ता नव्याने लिहिला, जुना खण थोडा आक्रसवला, उरलेल्या मोकळ्या जागेत स्वतंत्र खण आखून नवी प्रणाली तिथे बसवली. "आता सुरू होताना तो विचारेल, कुठली चालवू? आणि दुरुस्त केलेल्या डिस्कची ही आणखी एक नक्कल कपाटात. बॅकअप (अडीअडचणीसाठी जपून ठेवलेली प्रत). हे आधी करायचं असतं, बाळा."

नानांनी जुनी प्रणाली निवडली. ठोंब्या उठला आणि दाराला धडकला. रुंजीने हात बाहेर काढले. मुठी छातीशी.

"भीती वाटतेय? मी आहे ना," ठोंब्या म्हणाला.

पाणी, मासा, झोप, सगळ्या खुणा त्याला आल्या. मग रुंजीने खांद्यावरून हात खाली ओढला, लांब वेणी ओढावी तसा. तिची सगळ्यात पहिली खूण. वेदांगीताई.

"हालचाल समजली नाही."

डिस्कचा जो भाग गेला, त्यात नेमकी तीच होती. वेदांगीने मान खाली घातली. आपल्यालाच ही शिक्षा व्हावी, हे तिला बरोबर वाटलं, पण सोसवेना.

रुंजीने मात्र ठोंब्याचं लोखंडी बोट धरलं, त्याला ओढत ताईपाशी आणलं आणि ते बोट तिच्या वेणीवर ठेवलं. मग स्वतःच्या खांद्यावरून हात खाली ओढून दाखवला आणि ती थांबली.

ठोंब्याचा हात कुरकुरत वर गेला आणि खांद्यावरून सावकाश खाली आला.