एका श्वासापुरती जागा

सोमवारी सकाळी वाद्यवृंदाच्या झेरॉक्सच्या खोलीत तो माझ्या आधी उभा होता. तेव्हा तो माझ्या लेखी कुणीच नव्हता म्हणा... कोपरावर उसवलेला स्वेटर घातलेला एक उंच माणूस, यंत्रातून येणारं प्रत्येक गरम पान दोन्ही हातांनी असं उचलणारा, जणू न्हाऊ घातलेलं बाळ.

"जरा लवकर आटपता का?" मी म्हटलं. "मला हे नोटेशनचं एक पान मोठं करून हवंय. श्वास कुठं घ्यायचा तेच दिसत नाहीये."

"बघू?"

मी दाखवलं. आणि माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं!

"सव्वा मिनिट! सलग! ज्या महाशयांनी हे लिहिलंय ना, ते जन्मात कधी जिना चढलेले नसणार. व्हिडिओ गेममधल्या लढाईचं संगीत आहे म्हणे. लढणाऱ्याला फुफ्फुसं नसतात का?"

तो पानाकडे बघत राहिला. कान मात्र हळूहळू लाल होत गेले.

"चूक झाली खरी," तो म्हणाला. "कॉम्प्युटरला दम लागत नाही... त्यामुळे लक्षातच आलं नाही."

"कुणाच्या?"

"महाशयांच्या."

धरणीनं पोटात घ्यावं, झेरॉक्स मशीनसकट घेतलं तरी चालेल, असं मला झालं. पण तो हसला नाही, रागावलाही नाही. खिशातून वही काढून म्हणाला, "सांगा ना. दम नेमका कुठं कमी पडतो?"

"कमी पडत नाही, हीच तर गंमत आहे." मी ओबो वाजवते. ओबो म्हणजे सनईची दूरदेशी नांदायला गेलेली बहीण. "वेताच्या पत्तीतली फट एवढीशी असते की हवा बाहेर जातच नाही. छातीत साठून शिळी होते. आत जागाच उरत नाही. म्हणून आम्ही आधी सोडतो, मग घेतो."

"आधी सोडायचा... मग घ्यायचा," असं पुटपुटत त्यानं ते लिहून घेतलं. माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही!

त्याच दुपारी त्याच्या संगीताची पहिली तालीम झाली आणि फजितीच झाली. आमच्या वाद्यवृंदाचे संचालक, ज्यांना आम्ही पाठीमागे छडीसाहेब म्हणतो, त्यांनी शेवटच्या सुरानंतर छडी खाली ठेवली.

"हे संपत नाही हो," ते म्हणाले. "हे बंद पडतं."

खरंच होतं ते. गेममध्ये खेळणारा जिंकेपर्यंत नाहीतर मरेपर्यंत तीच चाल फिरत राहते. तिला शेवट लागतच नाही.

"गुरुवारी शेवट घेऊन या. नाहीतर रविवारच्या कार्यक्रमात याच्या जागी आपला जुना वॉल्ट्झ आहेच, तीच ती नाचाची धून."

सगळे गेले. तो खुर्च्यांमधून वाकून वाकून पानं गोळा करत होता. मी उगाच माझी पत्ती पुसत बसले.

"रविवारी आईला बोलावलंय," तो पानांकडे बघतच म्हणाला. "पहिल्यांदाच. तिला वाटतं, मी कंपनीत बसून दिवसभर ढिशुम-ढिशुम करतो. कधीतरी माणसांना वाजवताना ऐकेल, म्हटलं..."

वॉल्ट्झच वाजला तर तो आईला काय सांगणार होता? 

"उद्या जेवणाच्या सुट्टीत तो गेम घेऊन या," मी म्हटलं. "कुणाशी लढतेय ते तरी कळू दे मला."

दुसऱ्या दिवशी वाद्यं ठेवायच्या खोलीत, दोन नगाऱ्यांच्या मधल्या बाकावर, आम्ही डबे उघडून, मधे त्याचा लॅपटॉप ठेवून बसलो. कथा साधी होती. एका मुलीला भावासाठी औषध घेऊन पूल ओलांडायचाय आणि पुलावरचा पहारेकरी कुणालाच सोडत नाही. मी अकरा वेळा मेले.

"तुम्ही नेहमीच अशा अंगावर धावून जाता?" त्यानं विचारलं.

"फक्त पहारेकऱ्यांच्या. आणि महाशयांच्या."

तो गालात हसला. "एकदा नुसत्या उभ्या तर राहा. बघा तो काय करतो."

मी थांबले. पहारेकरीही थांबला. मग तो वळून दोन पावलं मागं गेला... आणि त्याचा एक पाय लंगडत होता, लाकडावर ठक-खर्र असा आवाज करत.

"हा आवाज?"

"माझाच. लाकडी पेटीवर बूट आपटून केलाय. कुणाच्या लक्षात येत नाही. सगळे लढत असतात."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. ज्याला मारूनच पुढं जायचं, त्या शत्रूच्या दुखऱ्या पायाची काळजी करणारा माणूस! कुणी ऐकणार नाही हे ठाऊक असून एका पावलासाठी खपणारा!

"माझी आत्या मला लहानपणी गाऊन कथा सांगणाऱ्या एका बुवांकडे न्यायची," मी म्हणाले. कुठून आठवलं कोण जाणे. "लढाई ऐन रंगात आली की बुवा हात वर करायचे. झांजा थांबायच्या, सगळं चिडीचूप. आणि मग शत्रूच्या तोंडी एक ओळ गायचे, इतकी मऊ की... आत्या म्हणायची, अशा वेळी देव दोघांच्या मधे येऊन बसतो."

त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

"शत्रूला चाल द्यायची," तो म्हणाला.

"हो. त्या मुलीचीच, म्हणजे माझीच."

"आणि त्याआधी ती थांबेल. श्वास घ्यायला..."

"आधी सोडायला!"

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला, म्हणाला, "तुम्ही..." आणि निघून गेला. त्याचा डबा तिथंच राहिला. मी तो घासून ठेवला. का, ते विचारू नका.

गुरुवारी नवी पानं आली. आमचे मामा बास ट्रॉम्बोन, म्हणजे खर्जातलं पितळी वाद्य, वाजवतात. ते कुणाचेच मामा नाहीत आणि सगळ्यांचेच आहेत. त्यांनी पान पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अगं पोरी, ही चाल माझ्या पानावर चुकून आलीय."

"चुकून नाही मामा. पहारेकरी तुम्ही आहात."

"तीस वर्षं मी नुसते भूकंप वाजवतोय," मामा पुटपुटले आणि पान छातीशी धरून बसले.

छडीसाहेब मात्र एका जागी अडखळले. "इथं लिहिलंय, ओबो श्वास घेईपर्यंत सर्वांनी थांबावे. म्हणजे किती सेकंद?"

"तिला लागतील तेवढे," तो म्हणाला.

"माझी छडी आजवर कुणासाठी थांबलेली नाही."

"माहीत आहे, साहेब. म्हणूनच ऐकणाऱ्याला कळेल, काहीतरी मोठं घडतंय."

छडीसाहेबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग आम्ही वाजवलं. संपल्यावर त्यांनी नुसतं पान उलटलं आणि ते म्हणाले, "रविवारी दुसऱ्या क्रमांकावर."

रविवारी दुपारी सभागृह भरलं. तिसऱ्या रांगेत मांडीवर पर्स घट्ट धरून एक बाई बसल्या होत्या; उंची आणि कान बघून मी ओळखलं. तो बाजूच्या दारापाशी उभा होता.

व्हायोलिनांची नदी सुटली. तिच्यावर ट्रॉम्बोनांचा पूल उभा राहिला. मी धावले, वार केले, चुकवले, पुन्हा धावले. त्यानं प्रत्येक वाद्याला असं काम दिलं होतं की साधा टिंग वाजणारा लोखंडी त्रिकोणसुद्धा पाण्यावरच्या उन्हासारखा चमकून जायचा. छातीत हवा दाटत चालली, कडेलोट व्हायची वेळ आली... आणि छडी खाली आली. साठ माणसं थांबली.

मी श्वास सोडला. सगळा. आता घ्यायचा, तेवढ्यात माझी नजर दाराकडे गेली.

त्यानं श्वास रोखून धरला होता. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, चेहरा लालबुंद. माझ्यासाठी थांबला होता वेडा! मी घेईपर्यंत हा घेणार नव्हता.

तालमीपेक्षा तो क्षण थोडा लांबलाच. छडीसाहेबांची भुवई वर गेली, पण छडी हलली नाही. मग मी भरभरून श्वास घेतला आणि मागून, अंधाऱ्या खोल पाण्यातून यावी तशी, मामांच्या ट्रॉम्बोनवर माझी चाल आली. लंगडत, जपून. मी तिच्यात सूर मिसळला. मुलगी पूल ओलांडून गेली; पहारेकऱ्याचा हात धरून. लढाई संपली. बंद पडली नाही, संपली.

कार्यक्रम संपून टाळ्या ओसरल्यावर मागच्या बोळात आधी त्याच्या आई भेटल्या, डोळे पुसत. "अरे, ढिशुम कुठं गेलं?" असं त्याला विचारून माझ्याकडे वळल्या. "आणि मधेच थांबलीस ती तूच ना गं? माझा तर जीव टांगणीला लागला होता!"

मामा त्यांना खुर्ची शोधायला घेऊन गेले. मामांना कळतं.

बोळात आम्ही दोघं उरलो. माझ्या हातात ओबो, त्याच्या हातात मी घासून ठेवलेला डबा.

"श्वास का रोखला होतात?" मी विचारलं.

"सवय झालीय... सोमवारपासून."

"मग साठलं असेल आत बरंच." मी नियम सोडला नाही. "आधी सोडा."

त्यानं एक मोठा श्वास सोडला आणि त्याच्याबरोबर सगळंच सुटलं. "मला तुम्ही आवडता. शिव्या देत होतात ना, तेव्हापासून. कुणी ऐकणार नाही असं आता लिहिताना वाटतच नाही. तुम्ही ऐकाल, असं वाटतं."

"आता घ्या," मी म्हटलं.

त्यानं घेतला, आणि तो पुन्हा तस्साच रोखून माझ्याकडे बघत राहिला. कान लाल.

सहा दिवसांचं माझ्याही छातीत दाटलं होतं. मी ओबो पेटीत ठेवला, हात मोकळे केले, आणि आधी श्वास सोडला. मग म्हणाले, "हो. मलाही."